वाचक विचारतात : ‘आइनो’ नाव ठेवावं का?

प्रश्न : मुलगा-सून फिनलंडमध्ये आहेत. नातीचं नाव ‘आइनो’ ठेवायचं म्हणतात. कुणी सांगतं, अर्थ ‘एकुलती एक’. कुणी सांगतं, त्या नावाची मुलगी गोष्टीत बुडून मरते. खरं काय? (एक आजी, नाशिक)

उत्तर : दोन्ही खरं आहे, आजी. एलियास लोनरोट या डॉक्टरने करेलिया या फिनलंड-रशिया सीमेवरच्या भागात फिरून लोकगीतं गोळा केली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे फिनलंडचं महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती १८३५ची, वाढवलेली १८४९ची. गीतांमध्ये ‘आइनो’ हे नुसतं विशेषण होतं : एकुलती एक लेक, एकुलती एक बहीण. त्याचं विशेषनाम केलं लोनरोट यांनी. म्हणजे नाव प्राचीन वाटलं तरी वय जेमतेम पावणेदोनशे वर्षं.

कथा अशी : योउकाहाइनेन हा तरुण म्हाताऱ्या वैनामोइनेनशी गाण्याची पैज हरतो आणि जीव वाचवायला आपली बहीण आइनो त्याला बायको म्हणून देऊ करतो. आई खूश होते, मुलगी मात्र समुद्रात बुडते. पुढे ती मासा होऊन म्हाताऱ्याच्या गळाला लागते आणि त्याची टर उडवून निसटते. हा भाग सांगणारे विसरतात. मूळ गीतांतली मुलगी बहुधा ‘आन्नी’ असते आणि गळफास घेते; बुडणं लोनरोट यांचं.

फिन लोकांना हे नाव अशुभ वाटत नाही. फिनिश भाषेचा अभिमान जागा झाला तेव्हा सुशिक्षित घरांनी ते उचललं. संगीतकार सिबेलिउस यांची पत्नी आइनो १८७१ची. तिच्या नावावरून त्यांच्या घराला ‘आइनोला’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाव फार चाललं, मधे मागे पडलं, एकविसाव्यात पुन्हा वर आलं. दुसरी मुलगी झाली तर ‘एकुलती’ कसं, असं तिथे कुणी विचारत नाही.

प्रश्न : उच्चार कसा करायचा? शेवटी ‘ओ’ म्हणजे मुलाचं नाव ना? (पुणे)

उत्तर : अक्षरावयव दोनच, आइ-नो, जोर पहिल्यावर, ‘ओ’ आखूड. ‘आयेनो’ केलं की तीन अक्षरावयव होतात आणि नाव बिघडतं. फिनिशमध्ये व्याकरणिक लिंग नाही, ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना एकच सर्वनाम, त्यामुळे शेवटच्या स्वरावरून काही ठरत नाही. सिस्को, विएनो हीही बायकांचीच नावं. नावाला विभक्तीही लागते : आइनोचं म्हणजे ‘आइनोन’, आइनोला म्हणजे ‘आइनोल्ले’.

प्रश्न : नोंदणीत काय सांभाळावं? (ठाणे)

उत्तर : जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत नाव कळवावं लागतं, आणि पहिली नावं (म्हणजे आडनावाआधीची) जास्तीत जास्त चार देता येतात. त्यामुळे आइनोच्या जोडीला मराठी नाव सहज बसतं. रोमन अक्षरं मात्र तपासा. ‘न’च्या जागी ‘म’ पडला तर ‘आइमो’ होतं, आणि ते पुरुषाचं नाव आहे. फिनिश पंचांगात आइनोचा नामदिन, म्हणजे त्या नावासाठी ठरलेला दिवस, १० मे.