मुंबईतल्या जुन्या पोलीस ठाण्यांचा इतिहास काय, आणि त्या इमारती पाडून नव्या बांधाव्यात का?

पाडू नयेत. पोलिसातली माझी बरीच नोकरी दक्षिण मुंबईतल्या एका दगडी ठाण्यात गेली, म्हणून हे लिहितोय.

इतिहास म्हणाल तर दोन इमारती बघा. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयाचा आराखडा जॉन ॲडम्सचा, 1894 ला काम सुरू, 1896 ला पूर्ण. ते पोलिसांसाठीच बांधलं. रीगल सिनेमाजवळचं पोलीस महासंचालक कार्यालय मात्र मूळचं खलाशांचं सेलर्स होम, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेलं, 1876 चं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची त्याला मोठी देणगी होती. 1928 मध्ये सरकारने ते घेऊन कौन्सिल हॉल केला, आणि विधिमंडळ नरिमन पॉइंटला गेल्यावर तिथे पोलीस आले. एकाच वास्तूने तीन संसार सांभाळले, पाडावी लागली नाही.

आमचं ठाणं चुन्यात बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. कौलांखालच्या पन्हळात पिंपळ उगवला होता, पाणी तुंबून भिंतीत उतरायचं. पन्हळ साफ करा म्हणून मी लेखी दिलं. दुरुस्तीला आलेल्यांनी पन्हळाला हातच लावला नाही. दगडांचे सांधे खरवडून सिमेंट भरलं आणि बाहेरून ऑइलपेंट मारला. चुन्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतूनच वाळून बाहेर पडतं. ती वाट बंद झाली. पुढच्या पावसाळ्यात आतून पोपडे सुटले, मुद्देमालाच्या खोलीत रजिस्टरं फुगली, लेबलं गळून पडली. पंचांच्या सहीचं लेबलच गेलं तर तपास अधिकारी कोर्टात काय दाखवणार? आणि मग शेरा काय, तर इमारत धोकादायक आहे, पाडा.

माझा मेव्हणा बांधकाम कंत्राटदार. दर गणपतीत त्याचं एकच टुमणं, 'दाजी, शंभर वर्षांचा दगड, त्यात आता काय उरलंय?' दगडाला काही होत नाही. नासतो तो सिमेंटमुळे आणि डोक्यावरच्या पाण्यामुळे.

आता हेही खरं की जुन्या ठाण्यांत महिला पोलिसांना कपडे बदलायला धड खोली नसते, संगणकांच्या वायरी कशाही लोंबतात. मागच्या आवारात नवीन बांधकाम करा, माझी ना नाही. पोलीस लाइनीतल्या मोडकळीला आलेल्या चाळी तर खुशाल पाडा, तिथे माणसं राहतात. मी ठाण्यांबद्दल बोलतोय.

तुमच्या भागातल्या ठाण्याबद्दल विचारत असाल तर आधी ते महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे ते बघा. 1995 च्या नियमावलीपासून यादीतल्या वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मत घ्यायचंच तर चुन्याचं काम स्वतः केलेल्या माणसाचं घ्या. आणि 'पाडा' म्हणणाऱ्याला विचारा, पन्हळ शेवटचं कधी साफ केलं होतं? मेव्हण्याला मी दरवेळी हेच विचारतो. अजून त्याने उत्तर दिलेलं नाही.