‘दया येते’, पण कुठून?

प्रश्न सोलापुरातूनच आला आहे. एका कीर्तनात बुवा म्हणाले, “मराठी माणूस दया करत नाही, त्याला दया येते. माया लागते, प्रेम जडतं. म्हणजे हे आपलं नव्हेच, देवाकडून येतं. भाषाच साक्ष देते.” विचारणाऱ्या ताईंना शंका आहे: भाषा खरंच अशी साक्ष देते का?

नाही देत. दया येते तसा रागही येतो, कंटाळा येतो, शिंकही येते. दया देवाने धाडली म्हणायचं, तर शिंकेचं खापर कुणावर फोडायचं? जे ठरवून होत नाही ते सांगताना मराठी ‘मी’ला ‘मला’ करते आणि ‘येणे’, ‘लागणे’, ‘वाटणे’ अशी क्रियापदं वापरते. आपलं कर्तेपण जातं खरं, पण ते दुसऱ्या कुणाच्या पदरात पडत नाही.

पडताळा हवा तर सोलापूरकराला लांब जायला नको. कानडी शेजारी म्हणतो, ‘ननगे कोप बंतु’. पूर्व भागातला तेलुगू विणकर म्हणतो, ‘नाकु कोपम् वच्चिंदि’. दोन्हींचा अर्थ एकच: मला राग आला. या दोन भाषा द्राविडी, मराठी आर्य कुळातली, तरी ठेवण तीच. भारतातल्या पुष्कळ भाषांत ती आहे. तिच्यातून फार तर भाषांचा शेजार सिद्ध होईल.

शिवाय ‘करत नाही’ हेही अर्धंच खरं. ‘देवा, दया कर’ म्हणतोच की आपण. येणं मनातलं, करणं हातातलं. जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींची दया तेव्हा पुष्कळांना आली असेल, पण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले.

बुवांना संतवचनांचा आधार मात्र आहे. पसायदानात ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडेच ‘द्यावें’ म्हणून मागतात, आणि मागण्यात ‘भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें’ हेही आहे. जडो! बुवांचंच क्रियापद. त्यांनी हे उदाहरण दिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

पण मग तुकोबा काय म्हणतात तेही ऐकावं: ‘दया क्षमा शांति । तेथें देवाची वसति’. ‘तेथें’ आहे, ‘तेथून’ नाही. पुढे तर ‘पावे धांवोनियां घरा’, म्हणजे धावत येतो तो देव, आणि दया आधीपासून घरात आहे. दिशाच उलटी. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे समकालीन, कानडी वचनकार बसवण्णाही ‘दयवे धर्मद मूलवय्या’ म्हणतात; दया मुळाशी, धर्म त्यातून वर आलेला. मला स्वतःला हीच बाजू पटते, पण ती व्याकरणाच्या जोरावर नव्हे. श्रद्धेला क्रियापदाची साक्ष कशाला हवी?

ताईंचा जोडप्रश्न: ‘देवाची करुणा भाकली’ यात करुणा कुणाची? भाकणाऱ्याची. इथे करुणा म्हणजे काकुळतीची विनवणी. रामदासांच्या करुणाष्टकांतली करुणाही हीच, भक्ताची. ‘देवाला करुणा आली’ म्हटलं की मात्र ती देवाची, आणि तिथेही क्रियापद ‘येणे’च आहे.