गच्ची दिसणारी बाल्कनी

पत्राचा सारांश असा: "मावशी, मी ४३ वर्षांचा, मूळचा मिरजेचा. २० वर्षं न्यू जर्सीत आहे. कॉलेजात असताना एका मुलीवर माझं प्रेम होतं, तिचंही होतं. 'मुलाचं स्वतःचं घर तरी आहे का?' असं विचारून तिच्या घरच्यांनी नकार दिला. पुढे माझं लग्न झालं, ७ वर्षांत मोडलं. गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅट घेतला, ती राहते त्या इमारतीसमोर. बाल्कनीतून त्यांची गच्ची दिसते. तिला नवरा आहे, शाळेत जाणारा मुलगा आहे. डिसेंबरात वास्तुशांत आहे. तिला बोलवू का? नुकतंच 'द ग्रेट गॅट्सबी' वाचलं, ती माझीच गोष्ट वाटली. गॅट्सबीला गोळी लागली नसती तर डेझी त्याचीच झाली असती. बाबांचे गुडघे दुखतात, ते येणार नाही म्हणतात, तेवढं वाईट वाटतं."

प्रिय न्यू जर्सीकर,

मावशी म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. उत्तर आधीच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. तिला बोलावू नकोस.

आता त्या पुस्तकाबद्दल. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: स्कॉट फिट्झजेराल्डच्या या कादंबरीत गरिबीतून श्रीमंत झालेला गॅट्सबी आपल्या जुन्या प्रेयसीला, आता टॉमची बायको असलेल्या डेझीला, परत मिळवू बघतो. तू ते मनापासून वाचलंस, पण गोळीपाशी चुकलास. डेझी गॅट्सबीच्या हातून गेली ती गोळी लागण्याच्या आदल्या दिवशी, न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात. तो प्रसंग परत काढून वाच. उकाड्याने जीव नकोसा झालेली दुपार, एका खोलीत डेझी, तिचा नवरा टॉम आणि गॅट्सबी. गॅट्सबीचा हट्ट एकच: तुझं टॉमवर कधीच प्रेम नव्हतं, असं त्याला तोंडावर सांग. ती सांगून बघते, पण तिच्याने रेटत नाही. तू फार मागतोस, म्हणते. आत्ता तुझ्यावर प्रेम आहे, तेवढं पुरे नाही का? आणि मग रडत कबूल करते की एके काळी टॉमवर प्रेम होतं, पण तुझ्यावरही होतं.

त्या 'ही'ने गॅट्सबी संपतो. तो तेच शब्द परत उच्चारून बघतो, माझ्यावरही? पाच वर्षं ज्याने तिचं एकमेव प्रेम असण्यावर सगळं आयुष्य उभं केलं, त्याला हे एक अक्षर सोसत नाही. ती समोर होती, प्रेम आहे असं म्हणत होती, आणि त्याला तेवढं पुरलं नाही. त्याला १९१७ सालची, तिच्या माहेरच्या लुईव्हिल गावातली, लग्नाआधीची डेझी हवी होती, मधली वर्षं पुसून. ती कोणाला पुसता येतात?

त्याच दुपारी, न्यूयॉर्कला निघण्याआधी, आणखी एक छोटा प्रसंग आहे. बहुतेक जण तो भरभर वाचून पुढे जातात. डेझीची लहान मुलगी आयाबरोबर खोलीत येते. गॅट्सबी तिच्याकडे चकित होऊन बघत राहतो. गोष्ट सांगणारा निक म्हणतो की ही मुलगी खरोखर आहे यावर त्याचा त्याआधी विश्वास बसला असेल असं वाटत नाही. तुझ्या पत्रात त्या मुलाचा उल्लेख 'शाळेत जाणारा' एवढाच आहे. बाळा, त्या गच्चीवर तो पतंग उडवत असेल, त्याचे कपडे वाळत असतील. तू बाल्कनीतून बघतोस तेव्हा तो तुला दिसतो का?

आता तिच्या बाजूने बघ. डेझीला पैशाची लोभी ठरवून लोक मोकळे होतात, मला ते पटत नाही. १९१९च्या जूनमध्ये तिचं लग्न होतं. टॉमने साडेतीन लाख डॉलर किमतीची मोत्यांची माळ दिली होती. आदल्या संध्याकाळी ती दारू पिऊन पडलेली सापडली, एका हातात बाटली, एका हातात पत्र. मोती परत करा, मला लग्न करायचं नाही, असं म्हणत होती. तिला थंड पाण्याच्या टबात बसवलं, तरी पत्र सोडेना. भिजून त्याचे हिमासारखे तुकडे व्हायला लागले तेव्हा कुठे तिने ते ठेवू दिलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती लग्नाला उभी राहिली. गॅट्सबीला यातलं काय माहीत होतं? तुझ्या मैत्रिणीच्या घरी तो नकार आला त्या रात्री काय झालं, हे तुला तरी ठाऊक आहे का? तिने काय गिळलं आणि नंतर काय नव्याने मांडलं, हे फक्त तिचं आहे. वास्तुशांतीचं आमंत्रण हातात घेऊन तू तिच्याकडे त्याचा हिशेब मागायला जाशील. तुझ्या मनात तसं नसेलही. तिला मात्र तसंच वाटेल.

आणखी एक बोलते, कडू आहे. तिला न सांगता तिच्या समोर घर घेतलंस, याला तू प्रेम म्हणतोस. गॅट्सबीनेही खाडीपलीकडे डेझीचं घर येईल असंच घर घेतलं होतं आणि तिच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याकडे तो बघत असे. पुस्तकात ते सुंदर वाटतं, कारण आपण त्याच्या बाजूने उभे असतो. त्या गच्चीवर उभ्या असलेल्या बाईला हे कळलं तर तिला भीती वाटेल. त्या फ्लॅटमध्ये राहू नकोस. भाड्याने दे किंवा विकून टाक, पण सुट्टीला येऊन त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसू नकोस.

पैशाने हे भरून येईल असं तुला वाटतं, म्हणून लेखकाचंही सांगते. स्कॉट फिट्झजेराल्डला झेल्डा सेअर हवी होती. त्याचा जम बसत नव्हता, म्हणून १९१९ साली तिने ठरलेलं लग्न मोडलं. २६ मार्च १९२० रोजी त्याची पहिली कादंबरी आली, खपली, आणि ३ एप्रिलला त्यांचं लग्न झालं. आठ दिवसांत! तुझं जे राहून गेलं ते त्याला मिळालं होतं. तरीही पाच वर्षांनी, १९२५ साली, त्याने गॅट्सबीच लिहिला. पुढे १९३६ मध्ये एका लेखात त्याने कबूल केलं की खिशात पैसे खुळखुळवत वर्षभराने त्याच मुलीशी लग्न करणाऱ्या माणसाच्या मनात श्रीमंतांबद्दलचा अविश्वास कायमचा राहिला. मुलगी मिळाली, तो नकार मात्र आतच राहिला.

तुझ्याही आत तो प्रश्नच राहिलाय, 'स्वतःचं घर तरी आहे का?' तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात फ्लॅटचे चौरस फूट आहेत, पार्किंग आहे, मॉड्युलर किचन आहे. तिला काय आवडायचं, ती कशी हसायची, यावर एक ओळ नाही. निकलाही गॅट्सबीबद्दल असंच वाटलं होतं. डेझीवर प्रेम करताना स्वतःबद्दलची कसलीशी कल्पना त्याने त्यात घालून टाकली होती आणि तो तीच परत मागत होता. तुझा तो बाविशीतला मुलगा, ज्याला दारातून परत पाठवलं, त्याचं दुःख खरं आहे. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटतं. पण ते उतरवायला तिचं दार वाजवू नकोस. एखाद्या समुपदेशकापुढे बोल, नाहीतर मला लांबलचक लिही, मी वाचेन.

याच लेखकाची १९२२ सालची 'विंटर ड्रीम्स' ही कथा जमलं तर वाच. त्यातला डेक्स्टर गावातल्या धनिक मुलीपायी मोठा होतो, बख्खळ कमावतो. बत्तिसाव्या वर्षी कोणीतरी सहज सांगतं की ती आता तशी देखणी राहिलेली नाही, तिचा नवरा तिला नीट वागवत नाही. डेक्स्टर रडतो, पण तिच्यासाठी नाही. तिच्यावर जीव टाकणारा जो तो होता, तो गेला म्हणून.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. पुस्तकाच्या शेवटी गॅट्सबीचे वडील येतात, आठवतं? पार्ट्यांना शेकड्याने येणारे पाहुणे अंत्यसंस्काराला फिरकत नाहीत, डेझीकडून फूलही येत नाही. मिनेसोटाहून म्हातारा हेन्री गॅट्झ मात्र येतो (गॅट्सबीचं मूळ आडनाव हेच). त्याच्या पाकिटात मुलाच्या हवेलीचा फोटो असतो, लोकांना दाखवून दाखवून मळलेला, कोपऱ्यांना चिरा गेलेला. निकला वाटतं, समोरच्या घरापेक्षा त्याला तो फोटोच जास्त खरा वाटतोय. हवेलीतली प्रत्येक गोष्ट गॅट्सबीने डेझीच्या नजरेसाठी मांडली होती, आणि खिशात घर घेऊन फिरत होता तो बाप.

गुडघ्यांचं कारण मला पूर्ण खरं वाटत नाही. ते घर कोणासाठी घेतलंय हे बाबांना कळलेलं असणार. वास्तुशांत पुढे ढकल. डिसेंबरात आधी मिरजेला जा, आठवडाभर राहा, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि तुझ्या न्यू जर्सीच्या घराचे फोटो मोबाइलवर नाही, कागदावर छापून ने. त्यांना खिशात ठेवता येतील असे.

तुझी,
मावशी