लॉच्या पोरांना आणि ज्युनिअर वकिलांना सोशल मीडियावर कसं वागायचं ते कसं शिकवावं?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की लातूरकडं लॉ कॉलेजात प्रोफेशनल एथिक्स शिकवता, तालुका बारनं (वकील संघानं) दोन तासांचं सेशन मागितलंय, समोर शेवटच्या वर्षाची पोरं आणि नवी सनद मिळालेले ज्युनिअर एकत्रच बसणार, आणि बार कौन्सिलचा नियम ३६ (वकिलानं जाहिरात करून केसेस मिळवू नयेत) काढला की सगळे मोबाईल काढतात. मी जालन्याला प्रॅक्टिस करतो, कॉलेजात तास घ्यायला पण जातो, म्हणून सांगतो.

नियम ३६ नं सुरुवातच करू नका. आपल्याकडं खरा घोळ जाहिरातीचा नाही, व्हॉट्सॲप स्टेटसचा आहे. जामीन झाला की कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो, खाली दोन ओळी, वर हात जोडलेला इमोजी. पोरं म्हणतात सर नाव कुठं लिहिलंय? तर सेशन इथूनच सुरू करा. फळ्यावर एक बनावट स्टेटस लिहा, "आज अमुक कोर्टात सासरच्या पाचही जणांना अटकपूर्व जामीन, गाव तमुक", आणि विचारा यातून काय काय कळतं. तालुक्याच्या ठिकाणी गाव आणि नातं सांगितलं की बाकीचं चहाच्या टपरीवर आपोआप पूर्ण होतं, पुण्या-मुंबईत नाव झाकून भागत असंल, इथं भागत नाही. वर ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावानं केस शोधता येते, म्हणजे तारीख आणि तुमचं नाव एवढ्यावरच पक्षकार सापडला. (हे प्रोजेक्टरवर खरी केस लावून दाखवू नका, नाहीतर आपणच तेच करायलोय. बारमधल्या कोणाची खरी पोस्ट पण घेऊ नका, तो माणूस तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.)

हे पटलं की मग कायदा काढा. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं बाहेर काढायचं नाही हे आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. केस संपली, वकीलपत्र दुसऱ्याकडं गेलं, तरी हे बंधन संपत नाही, ही गोष्ट ज्युनिअरना सुद्धा बऱ्याचदा नवीन असते. आणि विद्यार्थी लगेच म्हणतील की आम्ही अजून वकीलच नाही, आम्हाला बार कौन्सिलचे नियम कशाला. नियम थेट लागत नाहीत हे खरंच आहे, पण त्याच कलमात वकिलाकडचे कारकून, कर्मचारी आणि दुभाषे पण धरलेत, आणि माझ्या मते ऑफिसात फाईल हाताळणारा इंटर्न त्या लोकांपेक्षा वेगळा नाही. टेबलावर उघडी फाईल, शेजारी कॉफी, "इंटर्नशिप डे वन" असा फोटो झूम करून बघा म्हणावं, पत्ता वाचता येतो.

पोक्सोला (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याला) जरा जास्त वेळ द्या. कलम २३ मध्ये पीडित मुलाचं नुसतं नाव-फोटो नाही, घरचे लोक, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही मीडियात द्यायचं नाही असं लिहिलंय. म्हणजे जे आपण फळ्यावर करून दाखवलं तेच कायद्यानं आधीच ओळखलंय. आरोपीच्या बाजूनं लढून जिंकलेला वकील आनंदात निकालाचा फोटो टाकतो आणि त्यात गावाचं नाव असतं, मी असं होताना बघितलंय.

आता नियम ३६. तो वाचून दाखवण्यापेक्षा दाभोलकर प्रकरण सांगा, १९७५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आपल्याच महाराष्ट्र बार कौन्सिलचा. काही वकील मुंबईत मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात उभं राहून येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडायचे, फी पाडायचे, ब्रीफसाठी (म्हणजे केस मिळवायला) अक्षरशः हाणामारी, असे आरोप होते. पोरं हसतात, मग विचारा की रीलच्या शेवटी मोबाईल नंबर टाकून "केससाठी लगेच फोन करा" म्हणणं यात दारात उभं राहण्यापेक्षा वेगळं काय आहे. इथं भांडण होणारच, होऊ द्या. माझं मत असं की सातबारा-फेरफार समजावून सांगणारं रील वाईट नाही, उलट खेड्यातल्या लोकांना त्याचा उपयोग होतो, घोळ त्या नंबरपासून सुरू होतो. २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटला परवानगी दिली ती पण नाव, पत्ता-फोन, नोंदणीची माहिती, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. त्याच नियमात पाटी आणि लेटरहेडवर बार असोसिएशनचा अध्यक्ष किंवा सदस्य आहे-होतो असं लिहू नये असंही आहे. फेसबुक प्रोफाइल म्हणजे आजची पाटीच, तेव्हा हे वाचल्यावर हॉलमधल्या किती जणांचा हात खिशातल्या मोबाईलकडं जातो ते बघा (चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर ठळक "ॲड." असतं त्याबद्दल मी काही बोलत नाही, मला इथंच राहायचंय).

न्यायाधीशांवर लिहिण्याबद्दल प्रश्न येईलच. वकील प्रशांत भूषण यांना सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये दोन ट्वीटवरून कोर्टाच्या अवमानासाठी दोषी धरलं आणि १ रुपया दंड झाला, हे सांगितलं की पोरं म्हणतात मग काय, रुपयाच तर. त्यांना सांगा की दंड भरला नसता तर तीन महिने कैद आणि तीन वर्षं सुप्रीम कोर्टात प्रॅक्टिस बंद असं आदेशातच होतं. पण नुसती भीती पण घालू नका, निकाल लागलेल्या केसवर योग्य टीका करायला अवमान कायद्याचं कलम ५ मोकळीक देतं. निकाल का चुकला ते लिहा, साहेब कोणाच्या जवळचे आहेत ते बारच्या ग्रुपवर लिहू नका, कारण त्या ग्रुपचे स्क्रीनशॉट दुपारपर्यंत साहेबांच्या कारकुनाकडं असतात.

शिक्षा काय ते एकदा सांगून टाका, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५, ताकीदीपासून सनद निलंबित होण्यापर्यंत आणि यादीतून नाव कमी होण्यापर्यंत. शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाला स्वतःचंच अकाउंट उघडायला लावा आणि मागच्या वर्षभरातलं जे काढावं वाटतंय ते तिथंच काढा म्हणा, मोठ्यानं वाचायला कोणालाच सांगू नका. वेळ उरला तर ऑनलाइन सुनावणीचं परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नये ते घ्या, नाही उरला तर सोडून द्या, ते त्यांना लिंक जॉईन करताना दिसतंच.