शिकवलेली माणसे टिकतील का?

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. प्रतवारी करणाऱ्या महिला मजुरी वाढवूनही दोन हंगामांत कंटाळतात. प्रशिक्षणावर खर्च करावा का? शिकून त्या दुसरीकडे गेल्या तर?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : खर्च अवश्य करावा, मात्र वर्षातून एकदा भाषण ठेवले म्हणजे प्रशिक्षण झाले, असे समजू नये. तुमच्याकडची बाई दिवसभर गर निवडते, पण ‘डब्ल्यू-२४०’ म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर, आणि गर फुटला की त्याच मालाचा भाव का उतरतो, हे तिला कोणी कधी समजावून सांगितले आहे का? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यातच आहे. तेथे प्रशिक्षणाची चौकशी करून दोघींना पाठवा, त्या दिवसांची मजुरी कापू नका आणि परत आल्यावर इतरजणींना त्यांनाच शिकवू द्या. अन्नसुरक्षेचे ‘फोस्टॅक’ प्रशिक्षणही एखाद्या अनुभवी महिलेला देऊन पर्यवेक्षकपद वाढीव वेतनासह तिच्याकडेच सोपवा. शिकूनही पद आणि पैसा जागच्या जागी राहिला, तर मात्र त्या जातील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.