फुटबॉल थांबलं, आता अभिनय करायचाय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वय २५, राहायला नेरुळ, गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीनंतर क्लबचं फुटबॉल बंद झालं, सकाळी फुटबॉलचं कोचिंग करता, आणि आता आधी पोर्टफोलिओ (ऑडिशनसाठीचे फोटो) काढावा की क्लास लावावा हे कळत नाहीये. माझं स्पष्ट मत: दोन्हींच्या आधी नाटकाची तालीम.

कारण मैदानावरच्या सवयी. नजर सतत बॉल शोधत फिरते, त्यामुळे क्लोजअपमध्ये डोळे ठरत नाहीत. वजन कायम चवड्यांवर असतं, म्हणून नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी अंग डुलतं. आवाज गळ्यातून निघतो; दोन तासांच्या तालमीत बसतो. रोज २० मिनिटं टाचा टेकवून, समोर एका खुणेवर नजर ठेवून, पोटातून श्वास घेत एक पान मोठ्याने वाचा. वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. बोलण्यात आगरी हेल असेल तर तो घालवू नका, प्रमाण मराठी जोडीला शिका.

वाशी-ठाण्यात एकांकिका करणारे हौशी गट आहेत, ठाण्याला ट्रान्स-हार्बरची थेट लोकल आहे. एक पूर्ण स्पर्धेचा हंगाम करा, बॅकस्टेजसुद्धा.

पैसे मात्र फुटबॉलच आधी मिळवून देईल. जाहिरातींना आणि खेळावरच्या चित्रपटांना खरे खेळाडू लागतात. तिथे गोल मारण्यापेक्षा तीच किक त्याच जागी दहा वेळा मारणं महत्त्वाचं, कारण कॅमेऱ्याची जागा बदलली तरी हालचाल जुळायला हवी. रन-अपची पावलं मोजून ठेवा. दुखापत होते ती दोन टेकमध्ये तासभर बसून अंग थंड पडल्यावर. १२ तासांची शिफ्ट असते. प्रत्येक टेकआधी पुन्हा वॉर्म-अप करा आणि गुडघ्याबद्दल फिजिओला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

ऑडिशनसाठी पनवेल-गोरेगाव लोकलने अंधेरी, पुढे रिक्षाने आरामनगर, जिथे बऱ्याच ऑडिशन होतात. स्वतःची ओळख करून देणाऱ्या व्हिडिओत नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा सांगा आणि चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवा. मागे साधी भिंत. खेळाची पोझिशन आणि कोणता पाय चालतो तेही सांगा. ऑडिशनचे पैसे मागितले की तिथून निघा. मालिकांचे पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात, त्यामुळे सकाळचं कोचिंग सोडू नका. एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा परवाना, काढून ठेवा.

फुटबॉलपटूचा अभिनेता झालेल्या विनी जोन्सचं उदाहरण तुम्ही दिलंय. त्याची मैदानावरची दांडगाई आधीच जगजाहीर होती, तीच पडद्यावर कामी आली. आपल्याला कोणी ओळखत नसेल तर ती वाट नाही. फ्रेंच फुटबॉलपटू एरिक कँटोनाने १९९७ मध्ये, वयाच्या ३०व्या वर्षी खेळ सोडला आणि पुढच्याच वर्षी 'एलिझाबेथ'मध्ये फ्रेंच राजदूताची छोटी भूमिका केली. नाव एवढं मोठं असून छोटी भूमिका, हे लक्षात घ्या. आपल्याकडे भारताचे फुटबॉलपटू आय. एम. विजयन तर खेळत असतानाच 'शांतम्' या मल्याळम चित्रपटात आले, आणि ती भूमिका फुटबॉलपटूची नव्हतीच. म्हणून तालमीत पहिली भूमिका मागाल ती खेळाडूची नको. दुकानदार, कारकून, मोठा भाऊ, काहीही चालेल.