किमोनंतर साधे शब्द आठवत नाहीत, हे मनाचे खेळ आहेत का?

प्रश्न: मी ४६ वर्षांची आहे, सांगलीजवळ राहते, पतसंस्थेत कॅशला असते. मागच्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग किमो, म्हणजे लाल औषधाचे ४ डोस आणि नंतर दर आठवड्याला एक असे १२. ते संपून पाच महिने झाले, आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. केस परत आले पण डोकं पहिल्यासारखं चालत नाही. परवा जावेला म्हणाले, ते दे गं, पोळ्या लाटायचं ते, लाटणं हा शब्दच सुचेना. दूध गॅसवर ठेवून विसरते, नोटा मोजताना कोणी हाक मारली की परत पहिल्यापासून. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं सगळं नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत. माझ्या आजीला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, त्याचीच भीती वाटते.

उत्तर: ताई, हे मनाचे खेळ नाहीत. पेशंट याला किमो ब्रेन म्हणतात आणि त्यावर भरपूर अभ्यास झालाय. अमेरिकेत २०१७ साली स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ बायकांचा आणि कॅन्सर नसलेल्या ३६४ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात किमो संपेपर्यंत शंभरातल्या ४५ जणींना आपलं डोकं आधीपेक्षा चांगलंच मंदावल्यासारखं वाटत होतं, दुसऱ्या गटात हेच प्रमाण १० होतं. सहा महिन्यांनी ४५ चे ३६-३७ झाले, म्हणजे कमी होतं पण हळूहळू, आणि तुम्ही आत्ता साधारण त्याच टप्प्यावर आहात.

तपासणीत नॉर्मल का आलं, तर आज तारीख काय, हे तीन शब्द लक्षात ठेवा, असली पाच-दहा मिनिटांची टेस्ट स्मृतिभ्रंश पकडायला केलेली असते, नोटा मोजताना लक्ष तुटणं तिच्यात दिसतच नाही. त्यावरून पेशंटला खोटं पाडणं मला अजिबात पटत नाही.

कारण एकच नसतं. तुमचं लाल औषध थेट मेंदूत फारसं शिरत नाही, पण त्याने अंगात जो दाह वाढतो त्याची रसायनं रक्तातून मेंदूवर परिणाम करतात असं दिसतं. त्यात किमोने पाळी बंद झाली असेल तर रात्री घामाने झोपमोड, रक्त कमी, आणि कॅन्सर या शब्दाचा धसका तो वेगळाच. काही बायकांना तर किमो सुरू व्हायच्या आधीपासून असं होतं. हार्मोनच्या गोळीचाही थोडा वाटा असू शकतो, पण ती कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे, मनाने एक दिवसही बंद करू नका, शंका असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला.

आजीसारखं होईल का? लाटणं कशासाठी असतं हे तुम्हाला माहीत होतं, फक्त नाव अडकलं. आणि काय काय विसरलात हे तुम्ही मला इतकं नीट लिहिलंय, त्या आजारात बहुतेक वेळा घरचे सांगतात आणि पेशंटला वाटतं मला काही झालंच नाही. मात्र विसरणं महिन्यागणिक वाढत गेलं, किंवा डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूला अशक्तपणा असं काही झालं तर थांबू नका, लगेच दाखवा.

आत्ता हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी १२ तपासून घ्या, यातलं काही कमी निघालं तर भरून काढता येतं. रोज अर्धा तास भरभर चाला, पुरावा त्यातल्या त्यात व्यायामाचाच बरा आहे, बुद्धी वाढवणाऱ्या टॉनिकवर पैसे घालवू नका. दूध ठेवलं की मोबाईलवर टायमर लावा आणि तिथून हलू नका. कामावर साहेबांना स्पष्ट सांगून दोन-तीन महिने कॅशऐवजी दुसरं टेबल मागा, नाहीच मिळालं तर मोजायचं मशीन तरी घ्या आणि मोजताना कोणी हाक मारली तर बंडल पूर्ण होईपर्यंत वर बघूच नका.